कमजोर हृदयाला ठोके मंद करणारी गोळी का देतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं इको (हृदयाची सोनोग्राफी) केलं, पंपिंग, म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला पुढे ढकललं जाणारं रक्त, ३० टक्के आलं. हृदय कमजोर आहे असं सांगूनही डॉक्टरांनी बिसोप्रोलॉल ही ठोके मंद करणारी गोळी सुरू केली आणि पहिल्या आठवड्यात वडील आणखीच गळून गेले. ही गोळी सिंपथेटिक नसांचं काम शांत करते असं तुम्हाला समजलं. पण त्या नसा तर हृदयाला जोर देतात, मग आधीच दमलेल्या हृदयाचा जोर का काढून घ्यायचा? आणि शांतच करायचं असेल, तर प्राणायामाने का भागू नये?

तुमची शंका रास्त आहे. नव्वदच्या दशकापर्यंत वैद्यकीय पाठ्यपुस्तकांचंही हेच मत होतं. हृदय कमजोर असेल तर बीटा ब्लॉकर (बिसोप्रोलॉल याच गटातलं औषध) द्यायचं नाही, असं आमच्या आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांना शिकवलं जाई. ते मत का बदललं हे समजून घेतलंत, तर वडिलांची गोळी कधीही मध्येच बंद करावीशी वाटणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिंपथेटिक यंत्रणा आपल्या इच्छेला विचारत नाही. छातीच्या आणि कमरेच्या वरच्या भागातल्या मज्जारज्जूतून तिचे तंतू निघतात, मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या गाठींमध्ये थांबतात आणि तिथून हृदय, रक्तवाहिन्या, मूत्रपिंडं, आतडी, घामाच्या ग्रंथी अशा सगळीकडे पोहोचतात. बहुतेक ठिकाणी या नसांच्या टोकांतून नॉरअॅड्रेनलिन सुटतं. मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रेनल ग्रंथी त्याच हुकमावर रक्तात अॅड्रेनलिन सोडतात. १९४८ साली अमेरिकेतल्या रेमंड अल्क्विस्ट यांनी मांडलं की ही रसायनं पेशींवरच्या दोन वेगळ्या प्रकारच्या रिसेप्टरवर, म्हणजे त्यांचा निरोप घेणाऱ्या जागांवर, काम करतात, अल्फा आणि बीटा. बीटा ब्लॉकर यातले बीटा अडवतं. हृदयावर मुख्यतः बीटा असतात, त्यांनी ठोके वाढतात आणि आकुंचन जोरदार होतं. रक्तवाहिन्यांवर मुख्यतः अल्फा, त्यांनी वाहिन्या आवळतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही यंत्रणा फक्त भीती किंवा रागाच्या वेळी जागी होते असा समज आहे. खरं तर ती दिवसभर राबत असते. तुम्ही खुर्चीवरून उठता तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या आणि महारोहिणीतल्या दाब मोजणाऱ्या नसांना ते लगेच कळतं, मेंदूच्या तळाशी निरोप जातो आणि पुढच्या काही सेकंदांत वाहिन्या आवळून, ठोके थोडे वाढवून दाब सावरला जातो. तुम्हाला पत्ताही लागत नाही. ज्यांची ही यंत्रणा खराब होते, उदाहरणार्थ बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांची, त्यांना उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा या नसा आपल्या शत्रू नाहीत. त्यांच्याशिवाय आपल्याला धड उभंही राहता येणार नाही.

हृदयाची स्वतःची मूळ गती मिनिटाला साधारण १०० असते. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी ७० च्या आसपास राहते, कारण व्हेगस ही दुसरी नस सतत तिला आवरून धरते. हृदय प्रत्यारोपणात या दोन्ही नसा कापल्या जातात, म्हणून बदललेल्या हृदयाची नाडी विश्रांतीतही ९० ते १०० च्या घरात असते.

आता वडिलांकडे वळू. हार्ट अटॅकमुळे, जुन्या रक्तदाबामुळे किंवा दुसऱ्या कशामुळे हृदयाच्या स्नायूची ताकद घटली की प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे जातं. मानेतल्या त्या नसांना दाब कमी जाणवतो. हृदय कमजोर झालंय म्हणून दाब उतरला, की अंगातलं रक्त वाहून गेलं म्हणून, हा फरक त्यांना ओळखता येत नाही. लाखो वर्षांत आपलं शरीर ज्या संकटासाठी तयार झालं ते रक्तस्रावाचं. त्यामुळे ते रक्तस्रावावरचेच उपाय सुरू करतं: ठोके वाढव, वाहिन्या आवळ, आणि मूत्रपिंडांना सांग की मीठ-पाणी बाहेर जाऊ देऊ नका. मूत्रपिंडांपर्यंत जाणाऱ्या सिंपथेटिक नसा तिथून रेनिन सोडायला लावतात, त्यातून वाहिन्या आवळणारी आणि मीठ धरून ठेवणारी हार्मोन्सची मोठी साखळी सुरू होते.

जखम झालेल्या माणसासाठी हे सगळं जीव वाचवणारं आहे. जखम बांधली, रक्त भरून आलं, की हुकूम मागे घेतला जातो. वडिलांच्या बाबतीत हुकूम मागे घेण्याचं कारणच कधी येत नाही, कारण हृदय दुबळंच राहतं. मग दुबळ्या हृदयाला आवळलेल्या वाहिन्यांच्या विरोधात रक्त ढकलावं लागतं. साठलेलं पाणी पायांत आणि फुफ्फुसांत उतरतं. आडवं झालं की दम लागतो, उशा वाढवाव्या लागतात.

नाडी वाढल्याने होणारं नुकसान बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत मिळतं. नाडी ७० असताना ही विश्रांती साधारण अर्धा सेकंद असते. नाडी १२० झाली की ती निम्म्यावर येते. म्हणजे काम वाढलं आणि खुराक घटला. त्यात नॉरअॅड्रेनलिनचा सततचा मारा स्नायूपेशींना थेट विषारी ठरतो: काही पेशी मरतात, त्यांच्या जागी व्रणासारखे निबर धागे तयार होतात, हृदय पसरत जातं आणि ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो. हृदयही बचाव करतं. आपल्या पेशींवरचे बीटा रिसेप्टर कमी करतं, कान झाकून घेतल्यासारखं. त्यावर यंत्रणा आवाज आणखी चढवते. १९८४ साली अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ जे कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हृदय कमजोर झालेल्या रुग्णांच्या रक्तात नॉरअॅड्रेनलिन जितकं जास्त, तितकं त्यांचं आयुष्य कमी. त्यानंतर या नसांकडे निव्वळ मदतनीस म्हणून पाहणं अवघड झालं.

हे वर्षानुवर्षांचं नुकसान काही तासांत घडताना पाहायचं असेल, तर ते आपल्या कोकणात दिसतं. लाल विंचू चावलेला रुग्ण ज्याने पाहिला आहे, त्याला सिंपथेटिक यंत्रणेचा अतिरेक पुस्तकातून शिकावा लागत नाही. विंचवाचं विष नसांवरचे सोडियमचे मार्ग लवकर बंद होऊ देत नाही, त्यामुळे नसांची टोकं रसायनं ओतत राहतात. आधी उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ. मग हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब चढलेला, नाडी धावती. काही तासांत फुफ्फुसांत पाणी भरतं आणि तोंडातून गुलाबी फेस येऊ लागतो. रुग्ण बहुधा धडधाकट मूल किंवा शेतात राबणारा तरुण असतो. आदल्या दिवशी त्याचं हृदय उत्तम होतं, आज इको केलं तर पंपिंग कोसळलेलं दिसतं.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे मृत्यू पाहिले आणि त्यांचा नीट अभ्यास केला. १९८२ साली त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. मृत्यू हृदय निकामी होऊन आणि फुफ्फुसांत पाणी भरून होतो, आणि त्याच्या मुळाशी सिंपथेटिक नसांचा उद्रेक आहे, हे एकदा लक्षात आल्यावर त्यांनी प्राझोसिन वापरायला सुरुवात केली. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी अल्फा रिसेप्टर अडवते, म्हणजे आवळलेल्या वाहिन्या सैल करते. गार पडलेले हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत ती ठरावीक अंतराने द्यायची. त्याआधी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण काही टक्क्यांवर आलं. २०११ मध्ये बावस्कर पतिपत्नींनी प्रयोगाने दाखवलं की प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते भारतातल्या हृदयरोगाच्या अभ्यासात एवढं नेमकं आणि एवढं उपयोगी काम फार थोडं झालं आहे, आणि ते एका खेड्यातल्या दवाखान्यात झालं.

तुमच्या प्रश्नासाठी त्यातली एक गोष्ट मोलाची आहे. उद्रेक शमला की विंचूदंशाच्या रुग्णाचं पंपिंग काही दिवसांत पूर्ववत होतं. म्हणजे माऱ्याखाली दबलेला हृदयाचा स्नायू सगळाच मेलेला नसतो, बराचसा गप्प बसलेला असतो. जवळच्या माणसाच्या मृत्यूसारख्या तीव्र धक्क्यानंतर, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांना, हार्ट अटॅकसारखाच एक आजार होतो, त्याला ताकोत्सुबो म्हणतात. जपानमध्ये १९९० च्या सुमारास त्याचं वर्णन झालं. त्यातही अँजिओग्राफीत वाहिन्या मोकळ्या असतात, हृदयाचं टोक आकुंचन पावेनासं होतं आणि बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात. मारा थांबवला तर स्नायू उठून उभा राहू शकतो, आणि वडिलांच्या गोळीमागे हाच विचार आहे. त्यांच्या बाबतीत मारा महिनोन्‌महिने चालू होता, म्हणून सुधारणाही महिन्यांनी मोजावी लागते.

उलट दिशेने जाऊन काय होतं तेही तपासून झालं आहे. ऐंशीच्या दशकात हृदयाला जोर देणाऱ्या गोळ्यांचा मोठा उत्साह होता. मिलरिनोन हे औषध सिंपथेटिक नसा पेशीच्या आत जी साखळी चालवतात तीच साखळी पुढे ढकलतं. शिरेतून दिल्यावर रुग्णांना बरं वाटायचं. मात्र गोळीच्या रूपात ते महिनोन्‌महिने दिल्यावर, १९९१ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, औषध घेणाऱ्यांतले मृत्यू २८ टक्क्यांनी वाढले. थकलेल्या हृदयाला हाकत राहणं महाग पडलं.

दुसऱ्या बाजूला स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात फिन वागस्टीन आणि सहकारी १९७५ मध्येच पसरलेल्या हृदयाच्या मोजक्या रुग्णांना अगदी थोडं थोडं बीटा ब्लॉकर देऊन पाहत होते, आणि ते रुग्ण सुधारत होते. बीटा ब्लॉकर तेव्हा नवीन नव्हतं. जेम्स ब्लॅक यांनी साठच्या दशकात छातीदुखीसाठी प्रोप्रानोलॉल तयार केलं होतं, त्यासाठी त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. पण कमजोर हृदयाला ते देणं धाडसाचं होतं आणि स्वीडनच्या निष्कर्षांवर वीसेक वर्षं फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९९९ मध्ये हजारो रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्या आल्या, एक बिसोप्रोलॉलची आणि एक मेटोप्रोलॉल सक्सिनेटची. दोन्हींत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. दोन वर्षांनी कार्व्हेडिलॉलने जास्त अत्यवस्थ रुग्णांतही जवळपास तेवढाच फायदा दाखवला. त्यात अचानक लय बिघडून होणारे मृत्यूही कमी झाले. नात्यातल्या एखाद्याला रक्तदाबासाठी दुसरंच बीटा ब्लॉकर चालू असेल, तर ते वडिलांच्या गोळीऐवजी चालणार नाही. कमजोर हृदयात पुरावा ठरावीक औषधांचाच आहे.

आता पहिल्या आठवड्यातल्या थकव्याबद्दल. तो अपेक्षित होता. आजवर हृदय ज्या हाकेवर चालत होतं ती हाक मंद झाली, आणि स्नायू सुधारायला अजून अवकाश आहे. या मधल्या काळात गळून गेल्यासारखं वाटतं, कधी थोडी सूजही वाढते. म्हणूनच अंगातलं पाणी उतरल्यावर, अगदी कमी मात्रेने सुरुवात करतात. बिसोप्रोलॉल १.२५ मिलिग्रॅमपासून, आणि दर दोन आठवड्यांनी किंवा त्याहून सावकाश वाढवत, सोसलं तर १० मिलिग्रॅमपर्यंत. जोडीला लघवीची गोळी, वाहिन्या सैल करणारी गोळी, मीठ धरणाऱ्या हार्मोनवरची गोळी असतेच. इकोमधला फरक ३ ते ६ महिन्यांनी दिसू लागतो. अनेक घरांत पहिल्या पंधरवड्यातच 'ही गोळी मानवत नाही' असं ठरवून ती बंद केली जाते, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण फायदा त्यानंतरच मिळणार असतो.

मग सावकाश कशाला, एकदम जोरात शांत करू, असं वाटू शकतं. तेही करून झालं आहे. मॉक्सोनिडीन हे औषध थेट मेंदूतून सिंपथेटिक हुकूम दाबतं. कमजोर हृदयाच्या रुग्णांना ते मोठ्या मात्रेत दिल्यावर रक्तातलं नॉरअॅड्रेनलिन खरोखर झपाट्याने उतरलं, पण मृत्यू वाढले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. या यंत्रणेचा आधार हृदयाला लागतोच. तो हळूहळू आणि हृदयापाशी कमी करावा लागतो, एका झटक्यात काढून घेता येत नाही.

औषध अचानक बंद करणं उलट बाजूने तेवढंच धोक्याचं. बीटा ब्लॉकर चालू असताना हृदय आपले झाकलेले रिसेप्टर पुन्हा उघडतं, त्यांची संख्या वाढते. अशा वेळी गोळी एकदम थांबली तर तोच नॉरअॅड्रेनलिनचा मारा उघड्या, वाढलेल्या रिसेप्टरवर बसतो. छातीत दुखणं, हार्ट अटॅक, लय बिघडणं, काहीही होऊ शकतं. वारीला, लग्नाला किंवा गावी जाताना गोळ्या पुरेशा घ्या. उपवासाच्या दिवशीही ही गोळी चुकवायची नाही. दात काढायचा असो वा मोतीबिंदूचं ऑपरेशन, स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

काही इतर औषधं याच नसांच्या वाटेत येतात. सर्दीच्या गोळ्यांमधलं फिनाइलएफ्रीन किंवा स्यूडोएफेड्रीन अल्फा रिसेप्टर चेतवतं आणि दाब चढवतं. मेडिकलमधून सर्दीची गोळी आणताना हृदयाचा आजार आहे हे सांगा. प्रोस्टेटसाठी दिलेलं टॅम्सुलोसिन अल्फा अडवतं, त्यामुळे रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडणारे ज्येष्ठ नेहमी दिसतात. वडिलांना ते चालू असेल तर उठताना आधी दोन मिनिटं पलंगावर बसू द्या. दमा असेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा, औषधाची निवड त्यावर बदलते.

तंबाखूबद्दल थोडं कडक बोलतो. निकोटीन सिंपथेटिक गाठींना आणि अॅड्रेनल ग्रंथींना थेट चेतवतं. ते बिडीतून आलं, चुना मळलेल्या तंबाखूतून आलं की मिश्रीतून, नसांना फरक पडत नाही. सकाळी उठल्याउठल्या मिश्री लावणारी आई किंवा आजी 'मी कुठे ओढते' असं म्हणते, तेव्हा तिची नाडी आणि दाब त्याच वेळी चढत असतो. सकाळी ही यंत्रणा एरवीही जोरात असते. हार्ट अटॅक सकाळी सहा ते दुपारी बाराच्या दरम्यान जास्त होतात हे १९८५ पासून माहीत आहे. त्या वेळी वर निकोटीन नको.

मधुमेह असेल तर दोन गोष्टी. इन्सुलिन चालू असताना साखर उतरली की धडधड आणि थरथर होते, ती सिंपथेटिक नसांचीच हाक असते. बीटा ब्लॉकरने ती झाकली जाते, घाम मात्र येतो. तेव्हा कारण नसताना घाम फुटला तर साखर तपासा. दुसरं, जुन्या मधुमेहात हृदयाच्या नसाच झडतात. अशा माणसाला अटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो. अचानक दम, घाम, मळमळ, एवढंच. 'छातीत दुखत नाही' म्हणून घरी थांबू नका. रात्री मोठ्याने घोरत असतील आणि मध्येच श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण प्रत्येक अडकलेल्या श्वासासोबत झोपेतच ही यंत्रणा उसळते.

आता प्राणायाम. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणला की मानेतल्या दाब मोजणाऱ्या नसा अधिक संवेदनशील होतात आणि सिंपथेटिक हुकूम थोडा सैल पडतो. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की ख्रिस्ती माळेचा जप असो किंवा योगातला मंत्र, तो म्हणताना श्वास आपोआप याच लयीत येतो आणि याच नसांचं काम सुधारतं. तेव्हा वडिलांना रोज दहा-पंधरा मिनिटं संथ श्वास, नामजप, हरिपाठ, जे आवडेल ते करू द्या. पण परिणाम छोटा आहे आणि तो गोळीची जागा घेऊ शकत नाही. कपालभाती आणि भस्त्रिका मात्र पंपिंग ३० टक्के असताना नकोत, जोराच्या जलद श्वासात दाब आणि लय दोन्हींवर ताण येतो. माझा स्वतःचा कल चालण्याकडे आहे. कमजोर हृदयाच्या रुग्णांना देखरेखीखाली काही महिने नियमित व्यायाम दिल्यावर स्नायूंकडे जाणाऱ्या सिंपथेटिक नसांचं काम कमी झालेलं प्रत्यक्ष मोजलं गेलं आहे. सपाट रस्त्यावर, बोलता बोलता दम लागणार नाही एवढ्या वेगाने, डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी.

कोणीतरी मूत्रपिंडाच्या नसा जाळण्याचा उपाय सुचवेल. तो रक्तदाबासाठी आहे. २०१४ च्या मोठ्या चाचणीत तो खोट्या, म्हणजे तुलनेसाठी नुसता देखावा केलेल्या, प्रक्रियेपेक्षा सरस ठरला नव्हता. सुधारित यंत्रांना २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण दाब काही अंकांनीच उतरतो. वडिलांना सध्या त्याची गरज नाही.

घरी एक वही ठेवा. सकाळी उठल्यावर पाच मिनिटं बसून नाडी आणि दाब, आणि लघवी झाल्यावर वजन. वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढलं, म्हणजे पाणी साठतंय. गोळी बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. नाडी ५० च्या खाली जाऊन चक्कर येत असेल, भोवळ येऊन पडले असतील, किंवा आडवं झाल्यावर श्वास पुरत नसेल, तर फोनवर थांबू नका, थेट रुग्णालयात न्या. पुढच्या भेटीत तीच वही सोबत न्या आणि विचारा की मात्रा आता कितीपर्यंत वाढवायची. नाडी, दाब आणि फुफ्फुसं ठीक असतील तर १.२५ वरच थांबून राहण्याचं कारण नाही.